चोचीची वाटी

रवि. २ नोव्हें.
सुमनचं चांदीचं गाठोडं आज सोडलं. ती असताना हात लावायची हिंमत नव्हती, ती गेल्यावर मन झालं नाही. प्राजूला पुढच्या महिन्यात बाळ होईल. लेकीला आईची भांडी हवीत, देऊन टाकू. सगळी काळवंडलीत. चाकणला कारखान्यात क्वालिटी तपासण्यात जन्म काढला, पण इथे माझी मजल मोठं, लहान, वाकडं एवढीच. वाकडं म्हणजे एक वाटी, काठ एका जागी दबलेला. रिजेक्ट माल.

मंगळ. ४
पिंपरीत सोनाराकडे उजळायला टाकली. वाटीचा काठ गोल करायला सांगितला. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी कसला ऐकतोय.

शुक्र. ७
भांडी आली, चकचकीत. वाटीत खोट काढून दाखवावी कुणी. प्राजूला नावानिशी द्यावीत म्हणून निघोज्याला अक्कांना, सुमनच्या थोरल्या बहिणीला, फोन लावला. मी घाट सांगायचा, त्यांनी नाव. बुटकं, पोट सुटलेलं, गळा आखूड: गडू. उभट, तोंडाशी जरा उमललेलं: फुलपात्र. लांब मान, शेंड्याला भोकं: गुलाबदाणी. मजा आली. भांड्यांनाही पोट, गळा, मान असते हे साठीत कळलं.
मग अक्कांनी विचारलं, चोचीची वाटी कुठाय? तशी नाही म्हणालो.
"आसं कसं पावणं? प्राजू अंगावर पीत नव्हती, तवा सुमीनं वाटी पाट्याच्या कडंला धरून अंगठ्यानं चोच काढली व्हती. त्या धारंवर जगली पोर."
मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन कधी ठेवला आठवत नाही.

रवि. ९
आकुर्डीला जाऊन प्राजूला सांगितलं. बराच वेळ वाटी हातात फिरवत राहिली. म्हणाली, बाळासाठी एवढी एकच हवी होती. जेवली नाही. जावई म्हणाले, दुसरी करून घेऊ. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. फार वाईट वाटतंय.

बुध. १२
प्राजू आपणहून आली. दोघं सोनाराकडे. चोच त्याच्याकडून नको म्हणाली. त्याने वाटी तापवून मऊ करून दिली, घरीच दाबा म्हणाला. घरी माळ्यावरून पाटा काढला, पुसला. वाटी तिच्यापुढे धरली. तिने ती माझ्या हातात परत ठेवली.
"तुम्ही दाबा, बाबा. आईचा हात तुमच्या ओळखीचा आहे."
ओळखीचा आहेच. अंगठा बारीक, नखापाशी जरा बाहेर वळलेला. माझा हा असा, पान्यासारखा. ड्रॉइंग नाही, माप नाही, किती दाबायचं कुणाला विचारू? धार बघायला तिने तांब्याभर पाणी आणून ठेवलंय. समोर बसून आहे, घाई करत नाही. दोनदा अंगठा टेकवला, दोनदा उचलला. हात धुऊन येतो म्हणून आत आलो आणि हे लिहितोय.
वाटी अजून गोलच आहे.