रुमालातला वाटा

ओहायो, अमेरिका
३० जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
सोनिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं की तू बघू म्हणतेस आणि दूध उतू चाललंय असं सांगून फोन ठेवतेस. म्हणून पत्र. पानाचा फोटो पाठवते, तूही तसाच पाठव. पत्रात दूध उतू जात नाही.

तुझ्या नातवाचा, उत्कर्षचा बाप्तिस्मा ईस्टरच्या रविवारी, २० एप्रिलला आहे. व्हिसा तुझ्याकडे आहे, तिकीट मार्चच्या सुरुवातीला काढावं लागेल. नऊ वर्षांपूर्वी याच चर्चमध्ये माझं लग्न झालं, तेव्हा आपल्या माणसांचा पहिला बाक रिकामा होता. बाबा म्हणाले होते, तिथे आपली जागा नाही. मग तूही आली नाहीस. त्याचा राग आता नाही. पण याही वेळी बाक रिकामा राहिला तर मला सहन होणार नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी चर्चने पान छापलंय, ते सोबत आहे. आमचं हे एपिस्कोपल चर्च म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचं. आपल्या ग्वाल्हेरातल्या मुरारचं जुनं चर्च त्याच कुळातलं. दारात कुणी धर्म विचारत नाही. कुठेही बसावं. सगळे उठले की उठावं, आणि गुडघे दुखत असतील तर बसून राहावं. शेवटी तळघरात चहा आणि केक असतो. खरी ओळख तिथेच होते.

जावई तुझ्यासाठी रोज आरशासमोर मराठी नमस्कार पाठ करतात. येशील की नाही, एवढंच लिही.

माया आहेच तुझी, आता पावलंही इकडे वळू देत.
तुझी सोनिका


शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
१० फेब्रुवारी २०२५

चि. सोनिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं इंग्रजी पान शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं. मी आठवीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचनालयानं शिकवलं. वाचून मात्र जीव थाऱ्यावर राहीना. फाटकापर्यंत जायची, परत यायची. गहू निवडायला घेतले ते तसेच पडून. यांना जाऊन चौदा महिने झाले, तरी काही ठरवायचं म्हटलं की मी त्यांच्या खुर्चीकडे बघते. शेवटी म्हटलं, जागा आहे की नाही ते आपणच बघून यावं. काल रविवारी मुरारला गेले.

शेजारच्या उषाताई सोबत आल्या. टेम्पोत बसल्यापासून त्यांचं चालू, की मंदाताई, पाणी शिंपडलं तर छत्री उघडा, नाहीतर मेरीबाई होऊन परत याल. चर्चच्या फाटकाशी मात्र त्यांचेच पाय एकदम दुखायला लागले. आत मी एकटी गेले.

चपला दारात काढल्या. आत बघते तर सगळे बुटांत. फरशीनं पाय गारठले. शेवटच्या बाकावर बसले. सगळं हिंदीत, उठबस पुष्कळ. मध्येच सगळे शांती म्हणत एकमेकांचे हात धरू लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. कुणी असे हात धरून चौदा महिने झाले होते.

मग लोक वेदीकडे निघाले. पुढे सगळ्यांनी यावं, असं तुझ्या पानावर छापलंच होतं. गेले. कठड्याशी ओंजळ केली. माझ्या कपाळावर टिकली नाही. पाद्रीसाहेबांना मी त्यांच्यातलीच, बाहेरगावची वाटले असेन. त्यांनी हातावर पातळ पांढरी चकती ठेवली. प्रसाद एकटीनं कसा खायचा? न आलेल्याचा वाटा आधी बांधायचा, ही आपली रीत. रुमालात बांधली आणि घरी यांच्या फोटोपुढे वाटीत ठेवली. हे तिथे गेले नाहीत, म्हणून तिथलं इथे आणलं.

पण जेवण गेलं नाही. काहीतरी चुकलंय. त्या कठड्याशी दुसऱ्या कुणीच रुमाल काढला नव्हता. लवकर लिही.

जीव तुझ्यापाशीच आहे, फक्त घाबरलेला आहे.
तुझी आई


ओहायो
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या अनवाणी पायांवर आम्ही दोघं खूप हसलो. मग रुमालाशी आले आणि हसू गेलं.

चूक माझी आहे. पानाची मागची बाजू मी पाठवलीच नाही. पुढे सगळ्यांनी यावं, पण बाप्तिस्मा न झालेल्यांनी दोन्ही हात छातीवर आडवे धरावेत, म्हणजे पाद्री नुसता आशीर्वाद देतात, असं तिथे आहे. मीही बाप्तिस्मा घेतलेला नाही. नऊ वर्षं मी तशीच उभी राहते. ती चकती त्यांच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर असते. तिथल्या तिथे खायची. घरी न्यायची नाही, टाकायची तर मुळीच नाही.

आमच्या पाद्री एक बाई आहेत. घाबरतच त्यांना विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आईंनी ती तशीच परत नेऊन द्यावी आणि घडलं ते सांगावं. मग विचारलं, कुणासाठी नेली होती. बाबांचं नाव घेतलं. आई, जो माणूस माझ्या लग्नाला आला नाही, त्याचा वाटा तू का बांधलास? राग नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं.

तरीही वाट बघते, हे विसरू नकोस.
सोनिका


शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सोनिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तरी आठवडाभर पाय निघेना. वाटी फोटोपुढून उचलायची, कपाटात ठेवायची, पुन्हा फोटोपुढे. परवा शनिवारी निघाले. टेम्पोत वाटी दोन्ही हातांनी झाकून धरलेली. उषाताई विचारतात, लोणचं का हो.

पाद्रीसाहेबांना अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सगळं सांगितलं. ते वेदीपुढे गेले, चकती स्वतः खाल्ली, वाटी पाण्यानं धुतली आणि ते पाणीही प्यायले. वाटी पुसून माझ्या हातात दिली. आता ओरडतील म्हणून मी उभीच. तर म्हणाले, पुढच्या वेळी हात आडवे धरा, आणि यजमानांचं नाव सांगा. गेलेल्या माणसांसाठी त्यांची प्रार्थना असते. काल रविवारी त्यात वाचलं, महिपतराव. अगदी रावासकट. मी चपला घालून ऐकलं.

का बांधलास, असं विचारतेस. नऊ वर्षं सांगितलं नाही ते सांगते. तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळीच यांनी काळा कोट घातला. तुझ्या लग्नासाठी म्हणून शिवून ठेवलेला. दिवसभर तो घालून ओसरीवर बसले, जेवायलाही उठले नाहीत. मी म्हटलं, कोट उतरवा. तर म्हणाले, तिथे आपली जागा नाही म्हटलं, आणि आज इथेही कुठे बसावं कळत नाही. जागा नाही असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. मीही विचारलं नाही. तेव्हा राग ठेव, पण त्यातला अर्धा माझ्या नावावर घाल.

तिकीट काढ. पहिल्या बाकावर बसेन. गुडघे टेकणार नाही. पुढे येईन, तुझ्या शेजारी हात आडवे धरून उभी राहीन, चकती मागणार नाही. पण तळघरात नातवाच्या नावाचा केक कापाल, त्यातला एक तुकडा रुमालात बांधून मी ग्वाल्हेरला आणणार आहे. त्याला तुमच्या पाद्रीबाईंची हरकत नाही ना, ते आधीच विचारून ठेव.

लोभ जसा आहे तसा, रागासकट, असू दे.
तुझी आई