चौथ्या प्रयत्नाचं उत्तर शेवटच्या कलमात

लिहून ठेवते मी, ओलेटा रूथ ट्रॅमेल, दिवंगत हर्शेल ट्रॅमेलची बायको, राहणार लॅनिअर्स बेंड, अलाबामा, की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर काय म्हणतो ते वेगळं, पण हे मृत्युपत्र मी हृदयाने लिहीत नाहीये. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती झालेली नाही. मी सांगतेय आणि वकीलबाई मिस लोरीन हॅडॉक टाइप करतायत. मधेमधे हसतायत, पण एक शब्द बदलायचा नाही असं ठरलंय.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी दिराला, म्हणजे पर्विसला, काहीच ठेवलं नव्हतं, कारण त्या आठवड्यात तो माझ्या पीकॅन-पायला, म्हणजे अक्रोडासारखे दाणे घालून भाजलेल्या गोडाला, नुसतं "ठीक आहे" म्हणाला होता.

कलम पहिलं : वाचन कसं करायचं. हे माझ्याच घरी, पुढच्या खोलीत वाचावं. माझा मुलगा वेंडल आणि पर्विस, दोघांनी एकाच तपकिरी सोफ्यावर बसावं. मधे हर्शेलची उशी राहील. वाचन कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या मोसमातल्या शनिवारी, म्हणजे सामन्यांच्या दिवशी, ठेवू नये, आणि माझा अंत्यविधी तर मुळीच नाही. हर्शेलच्या मावशीला ऑक्टोबरातल्या शनिवारी पुरलं, तेव्हा पाद्रीबाबांसकट अर्धं गाव कानात रेडिओची वायर घालून उभं होतं. आमेन म्हणायच्या जागी "पकड त्याला" असं ऐकू आलं.

मुख्य अट अशी. शेवटचं कलम संपेपर्यंत दोघांपैकी कोणी उठायचं नाही. एक जरी उठला, तरी मिस लोरीन कागद मिटतील आणि पुढचं दोघांनाही कधीच वाचून दाखवणार नाहीत. वाटे ज्याचे त्याला मिळतील. पण माझ्याकडे एक उत्तर आहे, ते मिळणार नाही. घरदार आधी वाटून टाकतेय ते मुद्दाम. आपलं पदरात पडलं की गर्दीच्या आधी निघायची या घराण्यात सवय आहे.

कलम दुसरं : घर. घर आणि मागची जमीन वेंडलला. पोर्चला रंग द्यायचा नाही. पोपडे मला आवडतात. पर्विसने मागच्या दाराने न ठोठावता आत यायचं, फ्रिज उघडायचा आणि "काही नाहीच का घरात?" असं विचारायचं, हा त्याचा जुना हक्क कायम राहील.

कलम तिसरं : चूल. हर्शेलने जुन्या तेलाच्या टाकीला चाकं जोडून मांस धुरावर शिजवायची जी चूल केली, ती पर्विसला. ती ओढून नेणारा पिकअप वेंडलला. एकाची चूल जागची हलणार नाही आणि दुसऱ्याच्या गाडीला ओढायला काही नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं समजू नये.

कलम चौथं : किरकोळ. बँकेत जे असेल ते सून जोलीनला, कारण या घरात हिशोब तिलाच येतो. शेजारीण ग्लेनिस ऑडमचं काचेचं भांडं तिला परत द्यावं. ते माझंच आहे असं मी इतकी वर्षं म्हणत आले, आणि अजूनही म्हणते, पण देऊन टाका. माझी शिवणाची मशीन चर्चच्या बायकांना. पाद्रीबाबांना हर्शेलचं मनगटी घड्याळ, प्रवचनाच्या वेळी समोर ठेवण्यासाठी.

कलम पाचवं : स्टेडियममधल्या दोन जागा. टॅलोवा कॉलेजच्या स्टेडियममधल्या आमच्या दोन जागा, हर्शेलची आणि माझी, शेजारीशेजारी आहेत. खांबाकडची वेंडलला, दुसरी पर्विसला. विकायच्या नाहीत, पाहुण्याला द्यायच्या नाहीत.

आता इथे पर्विस उठायला बघेल. बस, पर्विस.

कलम सहावं : भांडण. हे मिस लोरीनसाठी लिहितेय. त्या बाहेरगावच्या आहेत. बाकी गावाला पाठ आहे.

पर्विस तरुणपणी इथून मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात गेला आणि निवृत्त होऊन परत आला, तो डोक्यावर लोकरीची टोपी आणि तोंडात उत्तरेकडची कॉन्फरन्स घेऊन. एका भागातल्या कॉलेजांचा जथा म्हणजे कॉन्फरन्स. ते वर्षभर बहुतेक आपापसातच खेळतात. वेंडल जन्माने दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सचा. झालं मग. वेंडल म्हणायचा, उत्तरेचे संघ सप्टेंबरभर दुबळ्यांना झोडपतात आणि डिसेंबरात दम लागून बसतात. पर्विस म्हणायचा, तुमची कॉन्फरन्स बळकट हे सांगतं कोण, तर तुम्हीच. जिंकलात तर म्हणता आम्ही भारी, आपल्यातल्याच कोणाकडून हरलात तर म्हणता बघा, आमच्यात सगळेच किती भारी.

मला मनापासून कुतूहल वाटायचं. मी एकदा विचारलं, अरे, दोन्हीकडचे वर्षभर एकमेकांशी फारसे खेळतच नाहीत, तर जोर मोजता कशावर? माझं लोणचं चांगलं की ग्लेनिसचं, हे दोन्ही बरण्या उघडल्याशिवाय कसं ठरणार? दोघांनी एकदमच सांगितलं की तुला यातलं कळत नाही. तेवढ्यापुरती त्यांची एकी होती. बरण्या उघडतात त्या मोसमानंतरच्या बोल सामन्यांत. तिथे एकीकडचा संघ दुसरीकडच्याशी भिडतो.

हर्शेलच्या शेवटच्या हिवाळ्यात टॅलोवाला 'भेंडी बोल' नावाचा असाच एक सामना मिळाला, आणि समोर आला पर्विसच्या कॉन्फरन्सचा संघ. आम्ही चौघं एकाच गाडीने गेलो. उकडलेले शेंगदाणे, वरून वेंडल आणि पर्विसची टकळी. सामना संपत आला तेव्हा टॅलोवा तीन गुणांनी मागे होतं आणि चेंडू आमच्याकडे, पण लांब. पर्विस उठला. गाडी कुरणात लावलेली, चिखल झालेला, गर्दीच्या आधी काढू म्हणाला. किल्ली वेंडलकडे, म्हणून तोही गेला. हर्शेल आयुष्यात कधी शेवटच्या शिट्टीआधी उठला नाही. मी त्याच्याजवळ थांबले.

आणि टॅलोवाची पोरं चेंडू घेऊन थेट गोलरेषेपाशी पोचली. चौथा प्रयत्न, म्हणजे शेवटचा. रेषा एक यार्डावर. किक मारली तर तीन गुण, बरोबरी, जादा वेळ. घुसून रेषा ओलांडली तर तिथेच जिंकलो. कोच टिडमोरने घुसायला सांगितलं. पोरगं ढिगाऱ्याखाली गेलं, चेंडू रेषेच्या अलीकडे. हरलो.

हे दोघांनी कुरणात, चिखलात रुतलेल्या गाडीत, रेडिओवर ऐकलं. आम्ही पोचेपर्यंत जुंपली होती. वेंडल म्हणत होता, कोच बरोबर होता, एक यार्ड ढकलता येत नसेल तर खेळायचं कशाला? पर्विस म्हणत होता, किक मार आणि जादा वेळात जा, हे शाळकरी पोरगंही सांगेल, पण तुमच्या कॉन्फरन्सला माज. उत्तरेचा कोच असता तर गपचूप तीन गुण घेतले असते. इथवर ठीक होतं. मी शेंगदाणे सोलत होते.

मग पर्विस म्हणाला, "तुझा बाप तरी काय, जन्मभर इथेच एका यार्डासाठी ढकलत बसला."

हर्शेल मागच्या सीटवर माझ्या शेजारीच होता.

वेंडलने गाडी बंद केली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "निदान शेवटपर्यंत थांबला तरी. तुम्ही तर काका, गावातूनच लवकर निघालात."

त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. हर्शेलला पुरलं तेव्हा दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि पेटी कुठल्या हाताला वळवायची हे पाद्रीबाबांच्या मार्फत विचारलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी दुपारी वेंडलकडे टर्की खाते आणि संध्याकाळी पर्विसकडे. मी गेल्यावर एकमेकांची खबर आणणारंही कोणी उरणार नाही. मला घराची काळजी नाही. घर उभं राहील. मला याची काळजी आहे.

हर्शेलला राग आला नव्हता हे दोघांनाही माहीत नाही. त्या रात्री बूट काढताना तो म्हणाला, "दोघंही खरंच बोलले गं. पण दोघांनी शेवट बघितला असता तर बरं झालं असतं."

कलम सातवं, आणि शेवटचं : उत्तर. दोघं अजून बसले असतील असं धरून चालते.

तुम्ही दोघांनी तो प्रयत्न मागाहून टीव्हीवर शंभरदा बघितला. पण त्याच्या आधी कोचने खेळ थांबवला होता, आणि खेळ थांबला की टीव्हीवर जाहिराती लागतात. रेडिओवरही. जाहिराती चालल्या होत्या तेव्हा मैदानावर काय झालं, ते जागेवर थांबलेल्यांनीच बघितलं. आधी किक मारणारी पोरंच मैदानात आली होती, पर्विस. किकसाठी चेंडू जमिनीवर उभा धरणारं पोरगं गुडघ्यावर बसलंसुद्धा. कोच धावत आला. त्या पोराचा हात हातात घेऊन बघितला, आपली टोपी त्याच्या डोक्यात घातली आणि त्याला बाकावर नेलं. मग दुसरी पोरं आत गेली.

एवढं बघून मी घरी आले आणि वर्षानुवर्षं मनात घोळवत राहिले. हातात काय बघितलं असेल? कोचला त्या वसंतात नोकरीवरून काढलं, तो तळ्याकाठी राहायला आला. मागच्या उन्हाळ्यात चर्चच्या मासळीच्या जेवणाला माझ्यासमोरच बसला. मी त्याला आधी भेंडी वाढली आणि मग विचारलं.

तो म्हणाला, "मिस ओलेटा, मी काय करायला हवं होतं हे मला सगळ्या राज्याने सांगितलंय. का केलं, हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

त्या पोराची दोन बोटं आधीच्या एका झटापटीत मोडली होती. त्याने ती हातमोज्यात लपवली, कारण ते काम करणारं दुसरं पोरगं दुखापतीने घरी होतं. चेंडू धरायलाच कोणी नाही, तर किक कसली? मी कोचला म्हटलं, मग हे पेपरवाल्यांना का नाही सांगितलं? नोकरी तरी वाचली असती.

"मग त्यांनी त्या पोराच्या बोटांवर चर्चा केली असती," तो म्हणाला. "माझ्यावर केली ते बरं. मला त्याचा पगार होता."

ते पोरगं आता बाप झालंय आणि त्याने मला हे सांगायची परवानगी दिलीय. नाव सांगणार नाही.

तर वेंडल, ते धाडस नव्हतं. पर्विस, तो माज नव्हता. दोन्ही कॉन्फरन्सचा त्यात काही संबंध नव्हता. आता एक प्रश्न उरतो, तो मला अजून सतावतो. एखाद्या नवख्या पोराला चेंडू धरायला बसवलं असतं तर? हर्शेल असता तर रात्रभर वाद घातला असता. तो वाद मी तुम्हा दोघांना समाईक ठेवून जाते. अर्धा अर्धा करता येणार नाही.

माझ्या शब्दावर कशाला विसंबता, खुद्द माणसालाच विचारा. हे वाचन चालू असताना कोच टिडमोर बाहेर पोर्चवर बसलेले असतील. त्यांनी मला तसा शब्द दिलाय. दार त्यांनी वाजवायचं नाही, ते तुमच्यापैकी कोणीतरी उघडायचं. आधी कोणी उठायचं हे मी लिहीत नाही. रेषा एक यार्डावर आहे. मला फक्त एवढंच वाईट वाटतं की हे बघायला मी नसेन.

हे सगळं मी राजीखुशीने सांगितलं, वाचून घेतलं, आणि खाली माझ्या हाताने सही केली.

ओलेटा रूथ ट्रॅमेल

आम्ही दोघांनी, ओलेटाबाईंनी आमच्यासमोर सही केली हे बघितलं, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या :

ग्लेनिस ऑडम, शेजारीण (भांडं माझंच आहे)

रेबर्न टिडमोर, निवृत्त कोच (कितीही वेळ लागला तरी थांबेन)

ठिकाण : लॅनिअर्स बेंड, अलाबामा
तारीख : ११ जून २०२४, मंगळवार. मोसम नाही, कोणाला कुठे जायची घाई नाही.