नाटक आहे, पुढे चला

मंगळवार, ५ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना आराम पडो, आणि तुझ्या मांजरीला देव थोडी माणुसकी देवो.

पत्र बघून दचकली असशील. फोनवर तू ‘कशी आहेस’ विचारतेस, मी ‘बरी आहे’ म्हणते आणि आपलं भागतं. घरात फोन एकच, तोही बाहेरच्या खोलीत, आणि तिथे हे दिवसभर पेपर वाचत बसलेले असतात. म्हणून म्हटलं, लिहावं. तर बाई, आधी खाली बस. माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि दोन बरगड्यांना चीर गेली आहे. जिवावरचं पायावर निभावलं. आता सविस्तर वाच.

आमच्या सभागृहात हल्ली दर महिन्याला काही ना काही शिकवतात. आधी अळिंबीची शेती झाली, मग बँकेचे व्यवहार, मग केक. (केक सगळ्यांचे बसले, अळिंबी मात्र ज्याला नको होती त्याच्या न्हाणीघरातही उगवली.) गेल्या महिन्यात शिबिर आलं ते संकटाचं. भूकंप झाला, इमारत कोसळली, तर आतल्या माणसांना बाहेर कसं काढायचं. शिकवायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. बोलायच्या आधी शिट्टी वाजवायची सवय. पहिल्याच दिवशी गावाने त्यांचं नाव ठेवलं, शिट्टीसर.

शेवटच्या दिवशी खोटा भूकंप करायचा ठरला. जागा ठरली रस्त्यापलीकडची बंद पडलेली डेअरी. त्यात खोटे जखमी लपवायचे आणि शिकलेल्यांनी दोन तुकड्या करून ते शोधायचे. जखमी व्हायला मला कोण सोडतंय! सभागृहाच्या नाटकांतून आयुष्यभर रडत आले आहे मी. शिवणाच्या वर्गात कडक बाई आणि रंगमंचावर दुखियारी. सकाळच्या तालमीत मी असा हंबरडा फोडला की चहावाल्याच्या हातून किटली कलंडली. शिट्टीसर म्हणाले, “बाई, हे असंच करा दुपारी.” मी फुगले की काय, तूच ओळख.

हेही होते शिबिरात. पहिल्या तुकडीचे प्रमुख. पिवळं हेल्मेट, त्याखाली तोच चष्मा. डेपोत जन्मभर गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस, पण त्या दिवसांत घरात सुद्धा शिपायासारखं पाऊल मोजून टाकत होते.

मला कॅन धुण्याच्या मागच्या खोलीत ठेवलं. एका जुन्या लाकडी टेबलाखाली आडवी झाले, पुढ्यात दोन फळ्या तिरक्या टेकवल्या, कपाळाला लाल रंग फासला. वर माळा होता, त्यावर डेअरीचे जुने कॅन. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही, मी रंग डोळ्यात जाईल म्हणून डोळे मिटून होते.

शिट्टी झाली. कुठेतरी कुणीतरी जोरात दार लोटलं असेल. वर कर्रर्र झालं आणि माळ्याची अर्धी बाजू कॅनसकट खाली आली. टेबलाचे पाय मोडले आणि ते माझ्या छातीवर बसलं. पाय कुठे गेला ते कळलंच नाही. धूळ एवढी की तोंड उघडलं तर तोंडात माती.

आता गंमत बघ. पहिली तुकडी आली आणि गेली. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही, शिकवलंच होतं तसं: जो ओरडतो तो श्वास घेतोय, त्याला थांबता येतं; जो गप्प आहे त्याच्याकडे आधी धावा. दारावर खडूने खूण केली आणि पुढे गेले. मग सगळ्यांना चहाची सुट्टी झाली. मी आत, आणि बाहेर कपबशांचा आवाज. कुणीतरी बिस्किटं मागत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.

चहानंतर दुसरी तुकडी आली. त्यात स्टेशनरीच्या दुकानातली सून होती, माझ्याकडेच शिवण शिकलेली. मी म्हटलं, “वाचव.” ती म्हणाली, “अय्या बाई, काय आवाज काढलाय! अगदी खरा!” आणि निघाली की. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज ‘वाचवा’ या शब्दाला काडीची किंमत नाही. नाटकात कुणी बोलणार नाही असं काहीतरी बोलायला हवं. दम तर नव्हताच. म्हटलं, “सासूचा ब्लाऊज. उलटी बाही. मी उसवली. सांगेन सगळ्यांना.”

पोरगी जागच्या जागी थिजली. वाकून माझ्या तोंडावर बॅटरी मारली आणि किंचाळली, “सर! बाई खरंच अडकल्यात!”

पुढचं काय, काढलं मला. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, थोडक्यात बचावलात. आता गावात मी ‘उलट्या बाहीच्या बाई’ झाले आहे, आणि त्या सुनेला सासूने माफ केलं आहे.

झोप जरा कमी लागते, पण ते प्लास्टरमुळे. हे सगळं करतात. चहा करतात, केर काढतात, उशी बदलतात. काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


रविवार, १७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. मी एवढं रंगवून लिहिलं आणि तू उत्तर काय पाठवलंस, तर एक ओळ. ‘पहिल्या तुकडीत भाऊजी होते ना? मग त्यांनी काय केलं?’

तू लहानपणापासून अशीच. सगळे कापडाचा रंग बघत असायचे आणि तुझं बोट नेमकं भोकावर.

पत्र मी उशीखाली सरकवलं. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. आज हे दाढी करायला बाहेर गेलेत, न्हाव्याकडे रविवारी गर्दी असते, म्हणून लिहायला घेतलं. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

दार उघडलं तेव्हा चार हेल्मेटं दिसली. धुळीतून यांचा चष्मा चमकला. तेव्हा मी ‘वाचवा’ म्हटलंच नव्हतं गं. मी म्हटलं, “अहो.” एवढंच. दूध उतू जाताना स्वयंपाकघरातून म्हणते ना, तसं. मग म्हटलं, “अहो, मला श्वास घेता येत नाही.”

हे दोन पावलं आत आले. वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आमची नजरानजर झाली, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि मग मागच्यांना म्हणाले, “नाटक आहे. मी ओळखतो हिला. पुढे चला.”

बरोबरच्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “काका, पण टेबल मोडल्यासारखं वाटतंय.”

“पुढे चला म्हटलं ना.”

दार ओढून घेतलं. मग बाहेरून खडूचा आवाज आला, सावकाश, नीट अक्षर काढल्यासारखा.

तिथून पुढे मी ओरडलेच नाही. ओरडून काय करू? ज्याला माझ्या आवाजातला खोकला आणि हुंदका वेगळा कळतो असं मी इतकी वर्षं समजत होते, त्यानेच सांगितलं होतं की नाटक आहे. मग मलाही क्षणभर वाटलं, नाटकच असेल. कुणीतरी आता शिट्टी वाजवेल आणि मी उठेन. तेवढ्यात कपबशा वाजायला लागल्या. त्या आवाजात मला यांचं हसू ऐकू आलं. त्या वेळी जी भीती वाटली ना, ती टेबलाची नव्हती. ती अजून गेलेली नाही. छातीवरचं टेबल उचललं, पण तिच्यावर कुणी हात घातलेला नाही.

पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही कारण मनाला समजावत होते. फसला असेल माणूस. आधी तालमीत मी एवढं खरं रडले होते, मग कुणाला काय कळणार? स्वतःच्याच कलेवर खापर फोडून मोकळी झाले होते.

मग परवा सभागृहात कार्यक्रम झाला. शिबिराची प्रमाणपत्रं वाटायची होती. मला चाकाच्या खुर्चीतून नेलं, पुढे बसवलं. पहिल्या तुकडीला पहिला नंबर. शिट्टीसरांनी यांना माइक दिला, म्हणाले, “दोन शब्द बोला.” आणि हे बोलले. “मी तर आमच्या तुकडीला सांगितलं, नाटक आहे, पुढे चला! घरी रोज बघतो ना!”

सभागृह खो खो हसलं. पुरुष जास्त हसले. मीही हसले, धाकटे. बरगड्यांत कळ आली तरी हसले. सगळे बघत होते ना माझ्याकडे. स्टेशनरीवाल्यांची सून तेवढी हसली नाही. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलली नाही.

माइक परत देऊन हे माझ्या शेजारची रिकामी खुर्ची सोडून मागच्या रांगेत जाऊन बसले. जो माणूस नुसता फसला असेल तो बायकोशेजारी बसायला कशाला कचरेल?

काल दुपारी विचारलं. हे माझ्यासाठी मोसंबं सोलत होते. मी म्हटलं, “अहो, तुम्हाला खरंच नाटक वाटलं?”

बराच वेळ सोलत राहिले. सगळ्या बिया काढल्या. मग खाली बघूनच म्हणाले, “नाही.”

“कधी कळलं?”

“तू हाक मारलीस तेव्हाच.”

मला वाटलं होतं की हे ऐकलं तर मी किंचाळेन. किंचाळले नाही, त्यांनी काढलेल्या बिया मोजत बसले.

तेच बोलायला लागले. वर उरलेला अर्धा माळा लोंबत होता, म्हणाले. कॅन कडेला आले होते. आत यायचं तर त्याच्याखालूनच यावं लागलं असतं. “मी घाबरलो,” म्हणाले. “तोंडातून काय गेलं ते मलाच कळलं नाही. बाहेर जाऊन सरांना सांगायचं ठरवलं होतं. बाहेर आलो तर सगळे टाळ्या वाजवायला लागले, आमची तुकडी दिलेल्या वेळेच्या आधीच बाहेर आली म्हणून. कुणीतरी हातात चहा दिला. म्हटलं, एक घोट घेऊ आणि सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, इतका वेळ का नाही सांगितलंस? जितका उशीर होत गेला तितकं तोंड उघडेना.”

“आणि ती पोरगी थांबली नसती तर?”

यावर ते उठले आणि पाणी भरायला गेले. पिंप भरलेलंच होतं.

तू चिडली असशील. मलाही चिडायचं आहे, पण येत नाही. यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्यात, मी अडकू नये म्हणून. न्हाणीघराचीसुद्धा. मला धरून पायऱ्या उतरवतात. गोळी द्यायला एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही. माणूस वाईट असता तर मी कधीच बॅग भरली असती. माणूस वाईट नाही गं, त्याचीच भीती वाटते. वाईट माणसापासून जपता येतं. चांगला माणूस चहाचा कप हातात घेऊन उभा राहतो आणि आतून आपला आवाज बंद होत जातो, त्याला काय करायचं?

हल्ली काही मागताना मी ‘खरंच’ म्हणते. खरंच तहान लागली आहे. खरंच पाय दुखतोय. आणि म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. तेही बघतात. दोघंही घाबरून बघत असतो. अशा घरात मी किती दिवस काढू? आता वय काही पळून जायचं नाही. उद्या पडले, परवा छातीत दुखलं, तर उंबऱ्यात उभं राहून हे काय ठरवतील? त्यांनाही ते माहीत नाही. काल तसं बोलून दाखवलं त्यांनी. “पुढच्या वेळी मी येईन,” म्हणाले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’साठी मी त्यांना नाव ठेवणार नाही. इतक्या वर्षांत एवढं खरं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तर मी येते आहे. गुरुवारी, सकाळच्या गाडीने. यांना सांगितलं. त्यांनी कपाटावरून बॅग काढून पुसली, माझ्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या आणि संध्याकाळच्या वेगळ्या पुड्यांत बांधल्या. परत कधी, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही ठाऊक नाही, त्यामुळे बरंच झालं. गाडीत बसवून देणार आहेत. बसवू दे. तेवढं त्यांना करू दे.

तुझ्याकडे आल्यावर मला काही विचारू नकोस. भाऊजींना शिव्या देऊ नकोस, निदान माझ्यादेखत. मला दाराजवळची खाट दे आणि तू शेजारच्या खोलीत नीज.

आणि धाकटे, एक कर. मी हाक मारली की ये. उगीच मारली असं वाटलं तरी ये. हातात जे असेल ते तिथेच टाकून ये, आणि आल्यावर उगीच का बोलावलंस म्हणून रागव हवं तेवढं.

तुझ्या हाकेच्या अंतरावर यायला निघालेली,
ताई