पश्चिम भिंतीचं संशोधन

३ मार्च
सात महिने एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल रोजनिशीची माफी मागतो. कारण आळस नव्हे. (थोडा होता. स्वतःशी खोटं कशाला?) मुख्य कारण : विचार चालू होता. आता विषय ठरला. आपल्या घराचा इतिहास. कागदोपत्री पुरावा असेल तेच लिहायचं. रोज दोन पानं. डिसेंबरपर्यंत ग्रंथ.

५ मार्च, दुपार
हिला स्वयंपाकघराच्या पश्चिम भिंतीत खिडकी हवी आहे. भर दुपारी दिवा लावून, धुरात डोळे चोळत आणखी किती वर्षं उभी राहू, म्हणाली. मुद्दा चुकीचा नाही. पण मी भिंत वाजवून पाहिली. मधला दोन हात भाग वेगळा वाजतो! आत बुजवलेली तिजोरी असणार. संशोधन पूर्ण होईपर्यंत भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असं ठणकावलं. मग तोवर स्वयंपाक तुम्हीच करा, असं उत्तर मिळालं.
गवंडी वीस तारखेपर्यंतच मोकळा आहे. इतिहासाला मुदत घालता येत नाही, हे त्याला समजावलं. त्याने मान डोलावली आणि चहा मागितला.

९ मार्च
चौथा दिवस, स्वयंपाक मीच. डोळे चुरचुरतात. धुराने नव्हे, जुनी कागदपत्रं वाचून.
(कागदपत्रं अजून मिळालेली नाहीत.)

१२ मार्च
अर्धी रजा टाकून नोंदणी कार्यालयात. कारकुनाने विचारलं, घरात कुणी जुनं माणूस नाही का? आहे. आत्या, ऐंशीची, याच घरात वाढलेली, आता लेकीकडे असते. पण आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. तो म्हणाला, मग साहेब, सोमवारी या.

१५ मार्च
ग्रंथ : दीड पान. पैकी एक अर्पणपत्रिका.

१७ मार्च, सकाळ
हिने मला न विचारता आत्याला फोन लावला. दोन मिनिटं. स्पीकरवर. ही काय पद्धत झाली?
आत्याचं म्हणणं : तिथे खिडकीच होती. चार वर्षांचा असताना मी तिच्यातून रोज वाट्या-चमचे मागच्या गल्लीत भिरकावायचो. शेवटी दादाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात टेकले आणि ती बुजवली. मेल्या, तुझ्यापायी वहिनीने जन्मभर अंधारात रांधलं, असंही म्हणाली.
ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
टीप : एका साक्षीदारावर इतिहास उभा राहत नाही. मी ठाम आहे.

१९ मार्च
स्वतंत्र पुराव्यासाठी भिंत फोडायची परवानगी मीच दिली. (हिने गवंड्याला कालच निरोप धाडला होता, हा योगायोग.) आत लाकडी चौकट निघाली. चौकटीच्या फटीत एक छोटा चमचा. दांडा चावलेला. गवंडी म्हणाला, साहेब, तिजोरीतला ऐवज सांभाळा.
ग्रंथात दुरुस्ती : मूळ खिडकी पूर्ववत व्हावी, हा लेखकाचा पहिल्यापासून आग्रह होता. 'पहिल्यापासून' खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
संध्याकाळी ओट्यावर ऊन आलं. आई असती तर... पण याला कागदोपत्री पुरावा नाही.

उद्या : चमचा घासणे.