कोंबडी आईने बिघडवली नाही

वाशी,
सोमवार, दि. ११ फेब्रुवारी १९८५

प्रिय धर्मराजदादास,

सुनीतीचा सप्रेम जयभीम. वहिनींना जयभीम, लहानग्यांना पापा. आम्ही दोघी तब्येतीने बऱ्या आहोत.

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की सोसायटीच्या जेवणासाठी आईने मसाला लावलेली कोंबडी फार वेळ ठेवल्यामुळे खराब झाली आणि लोकांना उलट्या झाल्या. ते खोटं आहे. कोंबडी आईने बिघडवली नाही.

तुझं उत्तर शुक्रवारी आलं. "आईला आता कळत नाही, तिला लोकांच्या स्वयंपाकात पडू देऊ नकोस," असं तू लिहिलंस. आई समोर बसून ऐकत होती. मी ती ओळ गाळली आणि त्या जागी "आईने तब्येत सांभाळावी" असं वाचलं. तुझा मला भयंकर राग आला. एका पत्रावरून तू आपल्या आईला नालायक ठरवून मोकळा झालास. मग आठवलं की ते पत्र माझंच होतं.

आता झालं तसं सांगते.

सव्वीस जानेवारीला, शनिवारी, झेंडावंदन झालं. शनिवारी बऱ्याच जणांना मांसाहार चालत नाही म्हणून जेवण रविवारी, सत्तावीस तारखेला ठेवलं. स्मितावहिनी, म्हणजे आपल्या चेअरमन दिनानाथ साहेबांची बायको, स्वतः वर आल्या होत्या. "रखमाबाई, तुमच्या तळलेल्या कोंबडीचा वास जिन्यात आला की आमच्या ह्यांचं वरणभातात लक्ष लागत नाही हो! आठ किलो कराल?" आई किती हरखली ते तुला काय सांगू. बाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

पहाटे उठून तिने पाट्यावर आलं, लसूण, हिरवी मिरची वाटली. प्रत्येक तुकड्याला सुरीने हाडापर्यंत चिरा दिल्या, आधी नुसतं मीठ-हळद चोळलं, मग वाटण, दही, लिंबू. मी म्हटलं, "आई, एवढं कशाला? तळताना वरून मसाला लावला तरी चालतो." तर म्हणाली, "तिला निवांत बसू दे, बाय. घाईत तळली का वरून जळती नि आत मिळमिळीत ऱ्हाते. मीठ हाडाशी गेलं पायजे." सगळं आपल्या स्टीलच्या दोन मोठ्या डब्यांत भरून आम्ही अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात नेलं. तळण संध्याकाळी गच्चीवर होणार होतं.

तिथे स्मितावहिनींनी आपले डबे बघितले आणि त्यांचा चेहरा बदलला. "अगं सुनीती, तुमची भांडी कशाला आणलीत? आपल्या मंडळाचं पितळेचं पातेलं आहे ना. त्यात काढू या. सगळ्यांना बरं वाटेल."

दादा, "सगळ्यांना बरं वाटेल" याचा अर्थ तुला सांगायला नको. आईच्या हातचं चालतं, तिचं भांडं चालत नाही. मला कळलं होतं. आईलाही कळलं असणार. तिने फक्त पातेल्यात हात घालून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वहिनी, ह्याची कल्हई गेलीया. आतून पिवळं दिसतंया. दही-लिंबाचं ह्यात ठेवलं तर कळकंल. रातभर पोटात ढवळंल."

"रखमाबाई, आमच्या सासूबाईंनी याच पातेल्यात सगळ्या सोसायटीला मसालेभात घातलाय."

"भात येगळा, वहिनी. ह्यात आंबट हाय."

आजूबाजूच्या बायका बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी म्हणाले, "आई, जाऊ दे ना. त्यांना जास्त माहीत असेल." आपल्या घरातली पहिली मॅट्रिक मी, कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करणारी मी. त्यामुळे आई गप्प बसली, आणि कोंबडी त्या पातेल्यात गेली. माझ्या शिक्षणापुढे ती नेहमी गप्प बसते.

संध्याकाळी तळायला तिला बोलावलंच नाही. हिरामण वॉचमनने तळलं. अकराजणांना उलट्या झाल्या, त्यात चार लहान मुलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आंबट काही पितळेत ठेवलं होतं का?" स्मितावहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "छे हो! त्यांनी घरूनच आणलं होतं, सकाळपासून भरून ठेवलेलं." मी तोंड उघडलं नाही. सकाळपर्यंत सगळे बरे झाले हे नशीब.

आता जे मी लिहायचं टाळत होते, ते लिहिते.

दोन दिवसांनी, मंगळवारी, दिनानाथ साहेबांनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "तुझ्या आईकडून दिलगिरी लिहून दे, विषय मिटेल. वारसनोंदीचा अर्ज कमिटीपुढे आहेच, उगाच कटुता नको." बाबांच्या नावावरची खोली आईच्या नावावर व्हायची आहे, हे तुला माहीत आहे. मी घाबरले. तिथेच बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं: "माझ्या निष्काळजीपणामुळे व अस्वच्छतेमुळे अन्न दूषित झाले." अस्वच्छता हा शब्द त्यांनी सांगितला, मी लिहिला. घरी येऊन आईला म्हटलं, "खोलीच्या कागदावर अंगठा दे." तिने पदराने बोट पुसून अंगठा दिला. काय लिहिलंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी वाचलेलं तिने आजवर कधी दुसऱ्याकडून वाचून घेतलेलं नाही.

तो कागद त्यांनी जिन्याखालच्या बोर्डावर लावला. आईने अंगठा ओळखला. मला विचारलं, "माझा अंगठा तिथं कशापायी लावलाय?" मी म्हटलं, खोली तुझ्या नावावर होणार, ते सगळ्यांना कळावं म्हणून. दादा, ती तुर्भ्याहून बयाबाई मावशीला मुद्दाम बोलावून घेऊन आली आणि बोर्ड दाखवला. "बग बयाबाय, आता खोली माझी." मावशीलाही वाचता येत नाही. शेजारच्या बायका कुजबुजत निघून गेल्या, तर आई मला म्हणते, "जळत्यात."

मी हे सगळं गिळून बसले होते. पण गेल्या गुरुवारी ऑफिसातून येताना बिल्डिंगखाली कल्हईवाला बसला होता. भट्टीवर तेच पातेलं. स्मितावहिनी बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, "आत नीट लाव हं, कोपरे सोडू नकोस." मला बघून म्हणाल्या, "होळीच्या आधी करून घेतलेलं बरं, नाही का?" त्या वर गेल्यावर मी कल्हईवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, आत काहीच नव्हतं. यात दही ठेवलं असतं तर माणसं आजारी पडली असती."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून त्या रोज त्या कागदासमोरून वर जातात, आणि आईला विचारतात, "काय रखमाबाई, बऱ्या आहात ना?" त्या दिवसापासून टायपिंगमध्ये चुका होतात. मला त्यांच्या दारावर जाऊन ओरडावंसं वाटतं. पण ओरडून उपयोग नाही. कागदावर अक्षर माझं आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा आहे. तिथे मी पातेल्याचं, कल्हईचं आणि अंगठ्याचं सगळं लेखी वाचणार आहे, आणि तो कागद माझ्या हाताने काढणार आहे. वारसनोंद अडवली तर अडवू देत. तू मला थांबवायला तार करू नकोस. खोलीवर तुझाही हक्क आहे म्हणून कळवते, परवानगी मागत नाही.

सभेची मला भीती नाही. भीती आदल्या दिवसाची आहे. आईला हे सभेत लोकांच्या तोंडून कळता कामा नये. शनिवारी माझं ऑफिस दोनला सुटतं. त्या दुपारी मी तिला बोर्डापाशी नेऊन कागदावरचा प्रत्येक शब्द, अस्वच्छता हा शब्दसुद्धा, आहे तसा वाचून दाखवणार आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नाही.

तुझी,
आणि आईच्या विश्वासातली फक्त शनिवार, १६ फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत,
सुनीती