आईच्या उशीखालचे सहा आकडे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, तेव्हा आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत असं समज.) तुझी पाठ, भावोजींची साखर आणि तुम्हा दोघांचा एकमेकांवरचा वैताग, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत असं पुढे लिहायची रीत आहे, पण रीत म्हणून तरी किती खोटं लिहायचं? आई अकरा दिवस हॉस्पिटलात आहे. हृदय थकलंय. डॉक्टर काल माझ्याऐवजी स्वतःच्या पेनाकडे बघत म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." जवळचं माणूस विमानाने एकोणीस तासांवर राहतं आणि आई त्याच्या ऑपरेशनला आली नाही म्हणून सहा वर्षं आमचा फोन उचलत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हणून हे पत्र मेलने. फोन तू कापशील, पण आलेलं पत्र न वाचता टाकून देणं तुला लहानपणापासून जमत नाही. (माझीही वाचायचीस.)

तर ताई, तू यायचं आहेस, आणि फुकट यायचं आहेस. तुला ठाऊक आहे, मी बारा वर्षं क्रेडिट कार्डाचे पॉइंट साठवतोय. त्याचे माइल्स होतात, आणि माइल्सचं तिकीट होतं, असं म्हणतात. त्यासाठी मी काय केलं नाही? ऑफिसातली मंडळी जेवायला गेली की बिल मी कार्डावर भरायचं आणि त्यांनी मला रोख द्यायची. शेजाऱ्यांचा फ्रिज माझ्या कार्डावर. साहेबांच्या मेव्हण्याची कवळीसुद्धा माझ्या कार्डावर. (ते हसले की मला आपले दोनशे पॉइंट दिसतात.) पण साधारण तिकिटाएवढे माइल्स झाले की विमान कंपनी एक नम्र मेल पाठवायची, "आपल्या सोयीसाठी आम्ही दर बदलत आहोत." मी स्वतः विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायच्या टेबलावर एकवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या मेलमधली भाषा वाचून रागाआधी कौतुक वाटायचं. बायको एकदाच बोलली, "साठवा. शेवटी त्या माइल्सवर तुम्ही एकटेच बसून जा."

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलचं बिल कार्डावर भरलं आणि काय सांगू, बारा वर्षांत पहिल्यांदा आकडा पुरला. आईने आजारी पडून तो टप्पा गाठून दिला. गुरुवारच्या विमानात माइल्सवर मिळणारी एकच सीट शिल्लक होती. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तुझं नाव टाकलं, पासपोर्ट नंबर टाकला, आणि तिथे माझी हुशारी मला आडवी आली. ज्येष्ठ नागरिकाला दीडपट माइल्स मिळतात म्हणून घरातल्या सगळ्यांचे माइल्स मी आईच्या खात्यात ओतून ठेवलेत. खातेदार आई. मोबाइल नंबर आईचा.

मदतीच्या नंबरावर फोन केला तर बाई म्हणाल्या, फक्त खातेदाराशीच बोलू. खातेदार आत ऑक्सिजनवर. मग मी आवाज बारीक केला आणि खातेदार झालो. जन्मतारीख सांगितली, आजोळचं आडनाव सांगितलं, मध्ये खोकलोसुद्धा. बाई विरघळल्या. "आजी, किती छान बोलता तुम्ही! आता मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा." इतक्यात मान वर केली तर समोर नर्स, हातात ट्रे घेऊन स्तब्ध उभी. तेव्हापासून ती मला फक्त दारातूनच काय हवंय ते विचारते.

आकडे आले होते, पण आईच्या मोबाइलवर, आणि मोबाइल आईच्या उशीखाली. मी आत जाऊन म्हटलं, "आई, आकडे वाच गं जरा."

"बँकवाले असं विचारत नाहीत," आई म्हणाली.

"आई, मी आहे. तुझा मुलगा."

"सगळे मेले तसंच सांगतात."

आता आठव. दोन वर्षांपूर्वी तिला कोणीतरी फोनवर गंडवायला बघितलं, तेव्हा मी फ्रिजवर कागद चिकटवला होता: "ओटीपी कोणालाही सांगू नये. मुलगा आहे म्हटलं तरी." रोज सकाळी तिच्याकडून म्हणून घ्यायचो. ताई, गेले चार दिवस ती मला अधूनमधून ओळखत नाही. सुनेला नर्स समजते, नर्सला तू समजते. पण तो कागद तिला पाठ आहे. मी गोड बोललो, रडवेला झालो, ओरडलोही. उशी उचलायला गेलो तर तिने सुई टोचलेल्या हाताने माझं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आणली कोण जाणे. मग हळूच म्हणाली, "माझ्या मुलीला विचारून सांगते हं. तिचा फोन यायचाय."

दहा मिनिटांनी ते आकडे बाद झाले. असं आम्ही पाच वेळा केलं.

भावोजींना नमस्कार. उत्तराची वाट पाहतो, म्हणजे पाहायला वेळ आहे तोवर.

तुझा,
धाकटा

ता. क. काम एवढंच आहे. उद्या दुपारी चारला मी पुन्हा आकडे मागवतो. त्याच वेळी तू आईला फोन करून ते विचार आणि मला कळव. तुला ती सांगेल.

आणखी ता. क. वरचं काम रद्द. आत्ताच पाहिलं, सीट गेली. गुरुवारचंच तिकीट रोख पैसे मोजून काढलंय, सोबत जोडतोय. (बायकोने कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल केलाय.) माइल्स राहतील तिथेच. खातेदार गेल्यावर ते शून्य होतात. हे कलम मी खूप आधी वाचलं होतं, दुसऱ्याच्या आईसाठी वाचतात तसं.

शेवटचं. सहा वर्षांपूर्वी आईला यायचं नव्हतं असं नाही. बाराशे माइल्स कमी होते आणि मी म्हटलं, मार्चपर्यंत थांबू. तिची बॅग तीन आठवडे दारामागे भरलेली होती. "मला झेपत नाही" असं तुला तिने सांगितलं, ते माझं वाक्य होतं. मला जे बोलायचंय तुला, ते इथे आल्यावर समोर बोल. पण फोन उद्याच कर. चारला मी आकडे मागवणारच आहे. त्यांचा आता काही उपयोग नाही, पण तिने कालपासून चष्मा डोळ्यांवरच ठेवलाय. तू विचार, आणि तिला सहाही सावकाश वाचू दे.