रफूवाल्याचे नवे डोळे

३ मार्च, सकाळ.
ठरलं. चष्मा जाणार. लेझर करून घ्यायचं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून डगमगायला नको. काल समोरच्या मोठ्या ड्रायक्लीनिंगच्या मालकीणबाई दुकानात आल्या होत्या. त्यांच्या सगळ्या शाखांचं रफूचं काम एकाच माणसाला द्यायचंय. मी चष्मा कपाळावर चढवून एका पँटचं रफू करत होतो. बाईंनी आधी चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की नीट दिसतं ना. उभ्या आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. नमुना म्हणून एक राखाडी कोट ठेवून गेल्या. बाहीवर सिगारेटने पडलेलं भोक. महिनाअखेर द्यायचा. पसंत पडला तर सगळं काम आपलं. नाही पडला तर दुकानाला टाळं, कारण हल्ली भोक पडलं की लोक कपडाच टाकून देतात.

चष्मा लावलेला रफूवाला म्हणजे टक्कल पडलेला केशतेलवाला. कोण विश्वास ठेवणार?

४ मार्च.
शास्त्रीय विचार केला. रफू करताना मी चष्मा लावतच नाही. कापड नाकापाशी धरलं की एकेक धागा सुटा दिसतो. म्हणजे डोळे मुळात उत्तम. चष्मा फक्त रस्त्यावर, बसचे नंबर वाचायला. बिघडलेल्या डोळ्यांनी इतकं दिसतं, तर दुरुस्त झाल्यावर किती दिसेल?

हिला सांगितलं. आधी डॉक्टरांना विचारा म्हणाली. ही मागच्या टेबलावर चेन, बटणं, हेम असलं किरकोळ बघते. जवळचा चष्मा लागल्यापासून सगळ्या जगाला तो लागावा असं हिला वाटतं.

६ मार्च, दुपार.
मेव्हणा आला. हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाला, डोळा बाहेर काढून टेबलावर ठेवतात, लेझर मारतात आणि परत बसवतात. घाईत डावा-उजवा बदलला तर जन्मभर तिरळे. ऑपरेशन चालू असताना शिंक आली तर लेझर थेट मेंदूत. पापणी मिटली तर पापणीला भोक. भोकाचं काय एवढं, रफू करीन, असं मी म्हणालो आणि हसलो. तो गेल्यावर मात्र आरशात दोन्ही पापण्या तपासल्या.

संकल्प: रोज पापणी न मिटण्याचा सराव.

७ मार्च.
सराव सुरू. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक. थोड्या वेळाने दोन्ही डोळ्यांतून धारा. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. घरात काही वाईट घडलंय असं समजून बिचाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपली पँट घेऊन हळूच निघून गेला. पँटचं काम गेलं. सराव मात्र चांगला झाला.

१० मार्च.
डॉक्टर भेटले. मेव्हण्याचं सगळं खोटं निघालं. डोळा जागेवरच असतो. थेंब घालून बधिर करतात, पापणी क्लिपने उघडी धरतात आणि डोळा हलला तर मशीन आपोआप थांबतं. म्हणजे माझा सराव फुकट. पण अंगी शिस्त आली.

मग डॉक्टरांनी धंदा विचारला. अभिमानाने सांगितला. त्यावर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तुमचा हा मायनस नंबरच तुम्हाला जवळचं बारीक दाखवतो. तो काढला की लांबचं दिसेल, पण या वयात जवळच्या कामाला चाळिशी लागणार. हवं तर एका डोळ्यात थोडा नंबर ठेवू. मी ठाम नकार दिला. अर्धवट काम आमच्या धंद्यात चालत नाही. त्यांनी तेच परत परत सांगितलं, विचार करून या म्हणाले. दवाखान्याच्या खाली चष्म्याचं दुकान आहे. मी काय समजायचं ते समजलो.

शिवाय चाळिशी लागायची तर चाळिसाव्या वर्षी लागली असती. मी सेहेचाळीसचा. मुदत टळून गेली.

१२ मार्च.
ही म्हणते, ऑपरेशनच्या आधी कोट उरकून टाका. बायकांना दूरदृष्टी नसते. जुन्या डोळ्यांचं काम देऊन बाईंना फसवायचं? कोट नव्या डोळ्यांनीच होणार.

१८ मार्च, संध्याकाळ.
झालं. दुखलं नाही. हिरवा ठिपका बघत पडून राहिलो, जळकट वास आला, आणि उठा म्हणाले. इतक्यात संपलं म्हणून जरा वाईटच वाटलं. मेव्हणा बाहेर चेहरा पाडून बसला होता, जणू मला खांदा द्यायला आला होता. पुढचं हिला सांगून लिहून घेतोय. डोळे चोळायचे नाहीत. (हे वाक्य ही आपल्या मनाने लिहिते आहे.)

२० मार्च.
चमत्कार. पलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर शर्ट वाळतोय, त्याचं दुसरं बटण तुटलंय, हे मला खिडकीतून दिसलं. बसचा नंबर मी बसच्या ड्रायव्हरच्याही आधी वाचतो. मेव्हण्याला फोन करून सांगितलं.

ही वही टेबलावर ठेवून लांबून लिहितोय. अक्षर मोठं काढतोय. मोठं अक्षर सुंदर दिसतं.

२२ मार्च.
कोट घेतला. बाही नाकापाशी नेली. भोक गायब, नुसतं धुकं. हात लांब केला तर भोक दिसलं, पण धागे दिसेनात. डोळे नवीन आहेत, रुळायला वेळ लागणारच. सुई हिच्याकडून ओवून घेतली.

२४ मार्च.
दिवा भिकार आहे. बदलला. सुई भिकार आहे. तीही बदलली. कोटाचा रंग राखाडी. राखाडी हा काय रंग आहे? धड काळा नाही, धड पांढरा नाही, रफूवाल्याने बघायचं तरी काय?

२५ मार्च.
भलताच धागा ओढला गेला. भोक होतं त्याहून मोठं झालं. कापड कुजकं.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले ऑपरेशन उत्तम झालंय, आता चाळिशी घ्या. उत्तम झालंय तर चष्मा कसला? फोन ठेवला. रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

२७ मार्च.
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय? कोट असाच परत गेला तर बाई हसतील आणि दुकान जाईल. मला दुसरं काही येत नाही. रफूच येतं, आणि तेही आता समोर धरलं की दिसत नाही.

ही म्हणाली, कोट मी जरा बघू का. बघ म्हणालो. फक्त बघण्यापुरतं.

३० मार्च.
मालकीणबाई आल्या. कोट खिडकीशी नेला, भिंग लावलं, बाही उलटी केली, सुलटी केली. काम पसंत. कुणी केलं म्हणून विचारलं. दुकानाने केलं असं मी सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या टेबलाकडे. ही मान खाली घालून कोटाच्या हेमच्या दुमडीतून काढलेले उरलेले राखाडी धागे गुंडाळत होती.

उद्यापासून सगळ्या शाखांचा माल हिच्याकडे. आणणं-पोचवणं माझ्याकडे, कारण लांबच्या पाट्या मला उत्तम दिसतात. शिकवलं अर्थात मीच. म्हणजे मी करत होतो आणि ही बघत होती. कधी बघत होती ते मला आठवत नाही.

३१ मार्च, दुपार.
बाई ठेवून गेलेला कोट शाखेवर पोचवायचा होता. ही चहा ठेवायला आत गेली. तिचा चष्मा टेबलावर होता. इकडेतिकडे पाहून लावला.

दिसलं. वीण दिसली, धागा दिसला, माझ्या बोटाच्या रेषासुद्धा दिसल्या. बाही उजेडात धरली आणि भोकाची जागा शोधू लागलो. मिळेना. डावी बाही असेल म्हणून ती पाहिली. मग आतून पाहिली.

ही चहा घेऊन आली. मला चष्म्यात बघितलं आणि कप टेबलावर ठेवला. उजवी बाही, कोपराच्या खाली, एवढंच म्हणाली.

उजवी बाही, कोपराच्या खाली. पुन्हा पाहिलं. चहा गार होईपर्यंत पाहिलं. चष्मा लावूनही सापडलं नाही.